'फाइन'च्या हद्दीत

प्रिय,

तुझं भाषांतर काल रात्री वाचून संपवलं. ओघ चांगला आहे, वाक्यं मराठी वळणाची आहेत. फक्त 'फाइन' आला की तुझा हात अडखळतो. एका जागी चक्क 'छान फरक' लिहिलं आहेस. तिथे लेखकाला बारीक फरक म्हणायचा आहे, डोळे किलकिले केल्याशिवाय न दिसणारा. आणि तुझा प्रश्न: छान या अर्थाचा 'फाइन' आणि दंड या अर्थाचा 'फाइन' हे योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द असावेत का? नाहीत. दोघांचं मूळ एकच.

लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट. जमिनीच्या बाबतीत तोच शब्द हद्द सांगतो, कारण एकाचं रान संपतं तिथे बांध येतो. या 'फिनिस'पासून निघालेला शब्द जुन्या फ्रेंचमध्ये विशेषण म्हणूनही वापरला जाऊ लागला: शेवटापर्यंत नेलेलं, ज्यावर अखेरचा हात फिरला आहे असं. त्या वाटेने तो इंग्रजीत आला. आता बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात बघ. गाळ पूर्ण काढलेला धातू शुद्ध, कातून कातून काढलेलं सूत तलम, दळून दळून उरलेलं पीठ बारीक, आणि घासून आणलेलं टोक अणकुचीदार.

सोन्याच्या बाबतीत तर तो मोजमापच होतो. हजार भागांत शुद्ध सोनं किती, हे 'फाइननेस' सांगतो. २२ कॅरटचा कस ९१६ येतो तो २४ भागांतल्या २२ भागांमुळे. उमेदवारीच्या काळात मी '९९५ फाइन'चं भाषांतर '९९५ उत्तम' असं केलं होतं आणि ते तसंच छापूनही आलं. धातूच्या व्यवसायातल्या एका वाचकाने विचारलं, 'उत्तम काय? नग?' अजून आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

दंडाची गोष्ट याहून मजेदार आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'फाइन' म्हणजे शिक्षा नव्हती, तडजोड होती. न्यायालय अपराध्यावर जी रक्कम लादत असे तिला वेगळाच शब्द होता, 'अमर्समेंट'. त्यात 'मर्सी' म्हणजे दया लपलेली आहे, कारण तो माणूस राजाच्या दयेवर असे. 'फाइन' मात्र निदान नावापुरता तरी स्वखुशीचा सौदा: रक्कम भरा, कैद टळेल, प्रकरण मिटेल. मिटलं म्हणजे शेवट झाला, म्हणून 'फिनिस'. पुढे सौद्याचा भाग विरला आणि नुसतं पैसे भरणं उरलं.

जमिनीच्या व्यवहारातही हा शब्द होता. घेणारा आणि देणारा न्यायालयात लटका दावा लावत आणि लगेच समेट करत. त्या समेटालाही 'फाइन'च म्हणत. ११९५ पासून असा समेट एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी रेषेत कापू लागले. दोन तुकडे दोघा पक्षांना, तळाचा तुकडा न्यायालयात. कुणी बनावट कागद आणला तर कापाचे काठ जुळत नसत. ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. (असं काही सापडलं की माझं त्या दिवसाचं काम बसतं. तुझंही बसेल, सावध राहा.)

'फायनान्स'सुद्धा याच घरातला. त्याचा जुना अर्थ देणं फेडून मोकळं होणं, अगदी खंडणी भरून सुटका करून घेणंसुद्धा. 'डिफाइन' म्हणजे हद्द आखणं, 'कन्फाइन' म्हणजे हद्दीत कोंडणं, 'इन्फिनिट' म्हणजे ज्याला हद्दच नाही ते. 'ॲफिनिटी' मला विशेष आवडतो: बांधाला बांध लागून असलेली जवळीक. माशाचा 'फिन' मात्र या कुळातला नाही, त्याला सोडून दे.

समानार्थी शब्दांची तुझी यादी लांबलचक आहे, पण तिला खाली आधार नाही. 'फाइन' आणि 'पेनल्टी' तू एकाच ओळीत बसवलेस. 'पेनल्टी'च्या मुळाशी लॅटिन 'पोएना' आहे आणि 'पेन', म्हणजे वेदनासुद्धा, तिथूनच आली. त्यामुळे 'पेनल्टी' कसलीही असू शकते, खेळातली, मुदत चुकल्याची. 'फाइन' म्हटलं की पैसा आलाच. 'थिन'मध्ये नुसती जाडी कमी असते, 'फाइन'मध्ये ती कुणीतरी मेहनतीने कमी केल्याची छटा बरेचदा असते. माझ्या मते आपला 'सुरेख' या शब्दाच्या सर्वांत जवळ जातो, त्यातही रेघच आहे. पण तो सगळीकडे चालत नाही. क्रिकेटमधल्या 'फाइन लेग'ला तू काय करशील? तिथे 'फाइन' म्हणजे दोन्ही यष्ट्यांमधून जाणारी रेघ मागे वाढवली तर तिच्या जवळचा, 'स्क्वेअर'च्या उलट. तो तसाच ठेव.

'आय ॲम फाइन'चं तू 'मी उत्तम आहे' केलं आहेस. त्या प्रसंगात ती बाई नुकतीच रडून आलेली आहे. ती 'बरी आहे' म्हणेल, आणि तेही दाराकडे बघत.

पान ४ वरचा 'कन्फाइन' आणि पान ११ वरचा 'फाइन प्रिंट' पुन्हा तपास. दुसऱ्यासाठी 'बारीक अक्षरातल्या अटी' चालेल. 'सुंदर छपाई' खोडून टाक.

तुझा,
काका