घरून नोकरी आणि बी.कॉम. एकत्र: आधी दोन्हीकडचं घड्याळ मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम.चं दुसरं वर्ष, मुंबई विद्यापीठाशी संलग्न नियमित कॉलेज, वेळ सकाळी सात ते बारा. घरून करायचं चॅट सपोर्टचं काम मिळतंय, ग्राहक अमेरिकेतले, आणि कंपनी म्हणते वेळ लवचिक आहे. घरी पैशांची गरज आहे, पण शिक्षण उद्याच थांबवावं इतकी नाही. दोन्ही निभेल का, की दूरस्थ अभ्यासक्रमाकडे वळावं?

माझं मत स्पष्ट आहे. हे काम या कॉलेजबरोबर घेऊ नका. घरून काम जरूर करा, पण असं घ्या ज्यात फक्त काम द्यायची तारीख ठरलेली असते, बसायची वेळ नाही. आणि पूर्ण शिफ्ट करणं भागच असेल, तर कॉलेज अर्धवट ओढत राहू नका. चौथं सत्र नीट पूर्ण करा आणि मग रीतसर दूरस्थ पद्धतीत जा.

आता घड्याळ. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे तिकडची नऊ ते सहा ही शिफ्ट आपल्याकडे संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि तीच शिफ्ट ७.३० ते ४.३० होते. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असेल तर आणखी तीन तास पुढे सरका. सातच्या लेक्चरसाठी सव्वासहाला घर सोडायचं म्हटलं तर रात्रीची झोप जेमतेम दीड-दोन तास. उरलेली झोप दुपारी एक ते सहा, उजेडात, घरातल्या आवाजात. अशी दोन तुकड्यांतली झोप काही आठवडे चालते. मग आधी सकाळचं पहिलं लेक्चर सुटतं, नंतर दिवसच सुटू लागतात. शिवाय घड्याळ बदलतं ते नेमकं आपल्या हिवाळी सत्र परीक्षांच्या सुमारास.

ब्रिटनच्या कामाची वेळ मात्र सकाळच्या कॉलेजशी जुळते. तिकडचे नऊ ते पाच म्हणजे आपले दुपारी १.३० ते रात्री ९.३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर २.३० ते १०.३०. बाराला कॉलेज सुटलं, घरी येऊन जेवलात, कामाला बसलात, अकराच्या आसपास झोपलात, असं बसवता येतं. फक्त अभ्यासाला रविवार आणि कामाची सुट्टी एवढंच उरतं, हे आधी मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-मेलबर्नचं काम पहाटे साडेतीन-साडेचारला सुरू होतं. ते तुमच्यासाठी बादच.

कंपनी वेळ लवचिक आहे म्हणते तेव्हा ईमेलवर, लेखी, पुढच्या गोष्टी विचारा. लॉगिनची वेळ मी ठरवायची की रोस्टर, म्हणजे कंपनीने ठरवलेलं शिफ्टचं वेळापत्रक, येणार? रोस्टर किती दिवस आधी कळेल? सलग किती तास बसावं लागेल, की दोन तुकड्यांत करता येईल? या आठवड्यात कमी पडलेले तास पुढच्या आठवड्यात भरून चालतील का? परीक्षेच्या दोन-तीन आठवड्यांत बिनपगारी सुट्टी मिळेल का? उत्तर "रोस्टर दर आठवड्याला येईल, अदलाबदल मॅनेजरच्या परवानगीने" असं आलं, तर ती ठरलेली शिफ्टच आहे. फक्त जागा घरची आहे.

चॅट सपोर्टमध्ये दोन चॅटच्या मध्ये अभ्यास होईल, हा समजही काढून टाका. साधारण दोन-तीन चॅट एका वेळी उघड्या असतात. पहिल्या उत्तराला लागलेला वेळ मोजला जातो, ब्रेक मिनिटांत मोजले जातात, बऱ्याच ठिकाणी स्क्रीनचे फोटोही आपोआप घेतले जातात. एका कानाला लेक्चर लावून हे काम करणारे दोन्हीकडे कमी पडतात.

आता आठवड्याचे तास मोजा. सत्राला साधारण २२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक). थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे ३३० तास, १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २२. प्रवास ९ तास धरा, स्वतःचा अभ्यास ११, रोज सात तासांप्रमाणे झोप ४९, जेवणखाण आणि घरची कामं २१. बेरीज ११२. आठवड्याचे तास १६८, म्हणजे ५६ उरतात. कागदावर ४५ तासांची नोकरी यात आरामात बसते, आणि याच हिशेबावर विसंबून मुलं होकार देतात. पण हे ५६ तास सलग नसतात. दुपारी दोन, संध्याकाळी दीड, रविवारचे काही असे ते विखुरलेले असतात. त्यात एक आजारपण, एक सादरीकरण, गणपतीत गावी जाणं आलं की मोकळे तास संपतात, आणि ठरलेल्या शिफ्टला ते मागेपुढे सरकवता येत नाहीत. म्हणून नियमित पदवीबरोबर आठवड्याला १५ ते २० तासांच्या वर काम घेऊ नये असं मी ठामपणे सांगते. परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत ते ८ ते १० वर आणता आलं पाहिजे.

मग काम कोणतं? तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, तर टॅलीत नोंदी, बँक स्टेटमेंट जुळवणी, विक्रीची बिलं तपासणं हे सीए किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयाचं काम घरून करता येतं आणि अभ्यासालाही पूरक ठरतं. त्याचीही भरती-ओहोटी असते, ती आधी समजून घ्या. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, त्याचा भरणा महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) २० पर्यंत. म्हणजे ३ ते ११ आणि १५ ते २० हे दिवस कामाचे, बाकीचे मोकळे. अंतर्गत चाचणीची तारीख कळली की ती या दिवसांत पडते का ते त्याच दिवशी बघा आणि कार्यालयाला सांगा. मार्च अखेर आणि एप्रिल हा सगळ्यात कठीण काळ, कारण वर्षअखेरीच्या नोंदी आणि उन्हाळी सत्राची परीक्षा जवळजवळ येतात. ते काम फेब्रुवारीतच अंगावेगळं करायला लागा.

ट्रान्सक्रिप्शन (ऑडिओ ऐकून मजकूर लिहिणं) किंवा सबटायटल घेणार असाल तर तास ऑडिओचे मोजू नका, स्वतःच्या वेळेचे मोजा. एक तासाच्या स्वच्छ ऑडिओला सरावलेल्या माणसालाही चारेक तास लागतात, नवख्याला सहा ते आठ. दर बहुधा ऑडिओच्या मिनिटावर असतो, त्यामुळे होकार देण्याआधी या पटीने भागून तासाला खरंच किती पडतात ते काढा. काम परत द्यायची मुदत २४ तासांपेक्षा कमी असेल तर कॉलेजच्या दिवशी घेऊ नका.

हजेरीबद्दल. ७५ टक्क्यांची अट म्हणजे ३३० पैकी सुमारे ८२ तास चुकवता येतात, दिवसांत मोजलं तर साधारण २२ दिवस. यातच ताप, लग्न, लोकलचा खोळंबा सगळं धरायचं. डिफॉल्टरच्या, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत नाव आलं की वैद्यकीय कारण ग्राह्य धरलं जाऊ शकतं, नोकरीचं कारण सहसा धरलं जात नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्ती घेत असाल तर हजेरी घसरल्यावर तीही अडकते, आणि मग घरून कमावलेल्या पैशांतला एक भाग तिथेच जातो. अंतर्गत गुणांचंही लक्ष ठेवा. एटीकेटीत (नापास विषय बाकी ठेवून पुढे जाण्याच्या सवलतीत) लेखी पेपर पुन्हा देता येतो, पण बुडालेलं सादरीकरण किंवा प्रकल्प पुन्हा मिळवायला प्राध्यापकांच्या मागे फिरावं लागतं.

नियमित पदवी आणि पूर्णवेळ पगारी नोकरी एकाच काळात दाखवण्याची आणखी एक अडचण आहे. पुढची कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा दोन्हीच्या तारखा समोरासमोर येतात आणि विचारलं जातं की दिवसाच्या कॉलेजला ७५ टक्के हजेरी असताना आठवड्याचे ४५ तास नोकरी कशी केली. दूरस्थ पदवीत हा प्रश्न येत नाही. नियमित शिकत असाल तर अंशकालीन किंवा इंटर्न असा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र घ्या.

दूरस्थकडे जायचंच ठरलं तर घाईने वर्षाच्या मध्ये सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुसऱ्या वर्षाअखेर ८० किंवा त्याहून थोडी जास्त क्रेडिट पूर्ण केली आणि सोबत ४ क्रेडिटचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम केला, तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मधल्याच सत्रात सोडलंत तर हातात कागद काहीच नसतो. आत्ताच डिजिलॉकर उघडून कॉलेजने तुमची क्रेडिट अकॅडमिक बँकेत (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) चढवली आहेत का ते बघा. नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. कॉलेज सोडल्यावर हे करून घेणं फार जड जातं.

दूरस्थ पदवी कमी दर्जाची ठरेल ही भीती बाळगू नका. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी, म्हणजे या विभागाचा ओळख क्रमांकही तिथेच स्वतः काढायचा असतो. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, ज्याला अजून सगळे आयडॉल म्हणतात, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे तीन पर्याय आधी बघा. तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल का, आधीची किती क्रेडिट धरली जातील, हे फी भरण्याआधी लेखी विचारा.

दूरस्थमध्ये हजेरी नसते, पण तारखा असतात, आणि बहुतेकांचं वर्ष तिथेच जातं. इग्नूचंच घ्या. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी निकालाची वाट न पाहता करायची असते. निकाल लागू दे म्हणून थांबणारे मुदत चुकवतात. स्वाध्याय (लिहून द्यायच्या असाइनमेंट) वेगळे, त्यांना साधारण ३० टक्के भार. जून आणि डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षेचा अर्ज आणखी वेगळा, विषयागणिक शुल्क भरून. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. आणि तिथे एका क्रेडिटचा अर्थ ३० तासांचा अभ्यास असा आहे. वर्षाला ४० क्रेडिट धरली तर १२०० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे २३. शिफ्टच्या जोडीला रोज सव्वादोन-अडीच तास आणि सुट्टीच्या दोन दिवशी सहा-सहा तास दिले तर हे जमतं. स्वाध्याय महिन्याला दोन या गतीने लिहा, शेवटच्या आठवड्यात सगळे लिहायला घेतले की उत्तरं उतरवून काढली जातात आणि परीक्षेत काही आठवत नाही.

काम कोणतंही असो, मॅनेजरला शिक्षणाबद्दल पहिल्याच आठवड्यात सांगा. विद्यापीठाचं वेळापत्रक उशिरा लागतं आणि बदलतं, म्हणून तारखांची वाट न पाहता काळ कळवून ठेवा: "ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे यांत माझ्या परीक्षा असतात. वेळापत्रक लागल्याच्या दिवशी पाठवेन. तोवर या काळात माझे तास निम्मे धरावेत." असं आधी सांगितलेलं लोक बहुधा ऐकतात. आदल्या दिवशी मागितलेली सुट्टी कोणालाच देता येत नाही.

विजेचं थोडक्यात. पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, तुमच्या भागातला वार वेगळा असेल, तो आधीच माहीत करून घ्या. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, मात्र अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, नऊचेही असतात, आणि चुकीचा व्होल्टेज दिला की राउटर जळतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे हमखास विसरलं जातं. मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा व्हिडिओ कॉलवर तास-दीड तासात संपू शकतो, म्हणून वीज गेल्यावर कॅमेरा बंद ठेवा.

ज्या कामासाठी आधी नोंदणी फी, प्रशिक्षण फी किंवा अनामत मागतात ते काम नसतंच. टेलिग्रामवर रेटिंग देण्याचे "टास्क" आणि डेटा एंट्रीचा करार करून नंतर "चुका जास्त झाल्या, कोर्टात खेचू" अशा धमक्या, हे दोन प्रकार विद्यार्थ्यांवर सर्रास चालतात. त्या नोटिशीला घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि कमिशनसाठी आपलं बँक खातं कोणाला वापरायला देऊ नका. त्यातून फसवणुकीचे पैसे फिरले तर खातं गोठतं आणि पोलिस चौकशी तुमच्या नावावर लागते.

पैशांचं शेवटचं. "सल्लागार" म्हणून घेतलं तर पीएफ आणि पगारी रजा नसते, आणि व्यावसायिक फी म्हणून देताना साधारण १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. कापलेला कर २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या कराच्या नोंदीत) दिसतो का ते दर तिमाहीला बघा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरूनच तो परत मिळतो.