तिथी बघा, मग बेत करा

वाचकांचे प्रश्न : परदेशी विद्यार्थ्यांबरोबर कोकणात भटकंती

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात जर्मनीहून दोन विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी आले आहेत, ऑगस्ट ते डिसेंबर. दर सुट्टीला त्यांना बाहेर पडायचं असतं. खडकांतले जीव दाखवायला दोनदा किनाऱ्यावर नेलं, दोन्ही वेळा भरती. बेत कसा आखावा? – एक प्राध्यापिका, रत्नागिरी

उत्तर : बेत सुट्टी आणि जेवणवेळ बघून ठरला, म्हणून भरती लागली. कोकणात तो तिथी बघून ठरवायचा. ज्यांना पाऊणकी (पाऊणपटीचा पाढा) पाठ होती त्यांचा हिशेब आजही चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा. पक्ष कुठलाही असो, मोजणी प्रतिपदेपासून. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. हा आडाखा मुंबईच्या पाण्याला जुळतो. दक्षिणेकडे मालवणपर्यंत भरती थोडी आधी लागते. नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघावंच.

आता यातली गंमत बघा. पाणी सर्वांत जास्त उतरतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. पण त्या दिवशी भरती बाराच्या आसपास असते, म्हणजे मोठी सुकती पहाटे किंवा संध्याकाळी, पाच ते सातच्या दरम्यान. अष्टमीला दुपारी सुकती मिळेल, पण ते भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, फारसं मागे हटत नाही. म्हणून खडकांतली डबकी, समुद्रफुलं, खेकडे दाखवायचे तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन दिवसांत उजाडताच निघा. पूर्ण सुकतीच्या तासभर आधी खडकावर पोचा आणि पाणी फिरलं की अर्ध्या तासात परत फिरा. चढणारं पाणी सारख्या गतीने चढत नाही : सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच येतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा. ‘अजून पाणी लांब आहे’ म्हणणारे नेमके तिथेच अडकतात, कारण बाहेरच्या खडकामागची चर आधी भरते.

हेदवीच्या बामणघळीला, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातल्या अरुंद चिरेला, मात्र उलट नियम. घळीतून उडणारं पाणी बघायचं तर पूर्ण भरतीलाच जावं, पण कातळाच्या कडेपासून लांब उभं राहून. ओला भाग दिसतो तिथवर लाट येऊन गेलेली असते, पुन्हा येईल.

महिन्यांचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये समुद्राचं नाव काढू नका, बोटीही बंद असतात. सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, मात्र हिरवे असतात आणि सप्टेंबरपर्यंत फुलतात. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्गाच्या बोटी सप्टेंबरनंतर, समुद्र निवळला की. गणेशोत्सवात रेल्वेचं तिकीट हवं तर आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसावं लागतं. वेळासला समुद्राकडे धावणारी कासवाची पिल्लं बघायचा हट्ट असेल तर आधीच सांगून टाका : अंड्यांतून पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस लागतात आणि खरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. डिसेंबरात परतणाऱ्यांचा तो हुकणार.

पोहण्याबद्दल एकच. फुटणाऱ्या लाटांच्या मधे जिथे पाणी सपाट, काळसर दिसतं आणि फेस-वाळू समुद्राकडे ओढली जाते, ती जागा शांत नसते, तिथेच ओढ असते. युरोपातल्या मुलांना पोहता येतं, हाच धोका. ती ओढीविरुद्ध पोहून दमतात. किनाऱ्याला समांतर बाजूला निघायचं, मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे यायचं. गणपतीपुळ्याला तर गुडघाभर पाण्याच्या पुढे नाहीच.

प्रश्न : माझा फ्रेंच मित्र मालवणात दोनदा स्कूबा करणार आहे. त्याच संध्याकाळी गाडीने आंबोलीमार्गे बेळगावला जायचं ठरतंय. चालेल ना? – एक विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : क्रम उलटा करा. आधी आंबोली, मग समुद्र. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. मधेच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा सर्वमान्य नियम असा की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर किमान १८ तास थांबावं. हा नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी धरतात आणि आंबोली ७०० मीटरच्या जवळ आहे. पर्यटकांची पंधरा-वीस मिनिटांची उथळ डाइव्ह असेल तर धोका कमी, पण दोन झाल्यावर त्याच रात्री घाट चढायची घाई कशाला?

खरा त्रास कानांचा होतो. दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकून उपयोग नाही, तोवर कान आणि घसा जोडणारी नळी मिटलेली असते. पाण्यात शिरताच, मीटरभर खाली जायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि दर मीटरला पुन्हा. सर्दी असेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नये. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही : १० मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे भरलेली छाती पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते. आणि सुरमईची थाळी वर आल्यावर.

प्रश्न : देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं म्हणतात. पाहुण्यांना कातळशिल्पं दाखवायची आहेत. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, राजापूर

उत्तर : खरं आहे. तिथे कातळाचं स्वतःचं चुंबकत्व सुईला ओढतं. होकायंत्र कातळशिल्पावर ठेवा, मग चार-पाच पावलं सरकून पुन्हा बघा, फरक मुलांना लगेच कळेल. फोनच्या नकाशावरचा ठिपका बिघडत नाही, कारण तो उपग्रहावरून येतो. पण तुमचं तोंड कुठे आहे हे दाखवणारा बाण फोनमधल्या चुंबकमापकावर चालतो, तो फसतो. म्हणून सपाट सड्यावर परतीची खूण डोळ्यांनी धरावी : एखादं झाड, गडगा (दगडी बांध).

शिल्पं बघायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. ऊन तिरपं असलं की खाचेच्या एका काठाची सावली पडते आणि रेष उठते. बारा वाजता कशेळीचा १८ मीटरांचा हत्तीसुद्धा पायाखाली असून दिसत नाही. रेषा उठाव्यात म्हणून खडूने, रंगाने भरू नका, खाच पाण्याने ओली केली तरी फोटोत येते. चपला काढून वर जावं. एरवी सड्यावर मात्र बूट हवेत, कारण जांभ्याचे सुटे दगड म्हणजे फुरशांची, त्या विषारी सापांची, घरं. दगड उलटू नये, दिसत नाही तिथे हात घालू नये. चावलंच तर चीर नाही, आवळपट्टी नाही. अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय.

प्रश्न : सेमिस्टरसाठी येणाऱ्या मुलीने जंगलात रेंज नसेल म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणायचं ठरवलंय. – एक पालक, चिपळूण

उत्तर : आजच कळवा, आणू नकोस. भारतात उपग्रह फोन आणि तशी संदेशयंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर ती जप्त होतात, पोलिसांत प्रकरण जातं. त्याऐवजी निघताना वाट आणि परतीची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी आणि गावातला वाटाड्या घ्यावा.

प्रश्न : दापोली ते गणपतीपुळे सायकलने दोन दिवसांत जमेल? – दोन विद्यार्थी, दापोली

उत्तर : जमेल, फेरीबोट धरली तर. पहिल्या दिवशी दापोली-दाभोळ, बोटीने धोपावे आणि गुहागर मुक्काम, पंचेचाळीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा बोटीने जयगड आणि गणपतीपुळे, साठ-पासष्ट. आकडे छोटे वाटतात, पण प्रत्येक खाडीला उतरायचं म्हणजे पलीकडे सड्यापर्यंत चढायचं. मागच्या चाकाला ३२-३४ दात्यांचं चक्र असावं, नाहीतर जयगडनंतर सायकल ढकलाल. उतारावर ब्रेक दाबून धरू नये, सोडत-दाबत यावं. जाण्याआधी ब्रेकच्या गुट्ट्या नव्या घाला. माणशी तीन लिटर पाणी. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, फोटोसाठी सायकल नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, साखळी फडक्याने कोरडी करा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा. रात्रभर तशीच ठेवलीत तर सकाळी ती लाल झालेली असेल.