ऑटोपायलट असताना हाताने विमान उडवण्याचा सराव अजून लागतो का?

लागतो. प्रशिक्षणाला जाण्याआधीच तुम्ही हे विचारताय, याचं मला बरं वाटलं.

मी एअरलाइनच्या पायलटांना सिम्युलेटरवर शिकवते. हात सहसा विसरत नाहीत. 2014 मध्ये नासाच्या संशोधकांनी 16 पायलटांकडून 747-400 च्या सिम्युलेटरवर ऑटोमेशनशिवाय उड्डाण करून घेतलं, तेव्हा हाताचं कसब बऱ्यापैकी शाबूत निघालं. घसरली होती ती विचाराची बाजू: आपण कुठे आहोत, पुढे काय करायचंय, कुठलं यंत्र चुकीचं दाखवतंय. मलाही रोज हेच दिसतं.

एअर फ्रान्सच्या 447 या उड्डाणाचा अपघात घ्या. 1 जून 2009, अटलांटिकवर रात्र, उंची सुमारे 35,000 फूट. वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. नाकाचा कोन आणि इंजिनांची पॉवर होती तशी ठेवली असती, तर विमान उडत राहिलं असतं. आकडे तर मिनिटभरातच सुधारले होते. पण नाक वर खेचलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी होऊन खाली पडू लागलं, इशारा वाजत राहिला तरी कुणाला उमगलं नाही. 228 माणसं गेली. त्या पायलटांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. एवढ्या उंचीवर हाताने उडवायचं प्रशिक्षण त्या दोन्ही को-पायलटांना मिळालंच नव्हतं. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात विमानांमधलं उभं अंतर 1,000 फूटच असतं, त्यामुळे तिथे ऑटोपायलट लावूनच उडतात. म्हणून हा सराव सिम्युलेटरवरच करावा लागतो, आणि तो मागून घ्या.

खालच्या उंचीवर मात्र रोजच्या उड्डाणात संधी मिळते. फक्त एक लक्षात ठेवा: ऑटोपायलट काढून फ्लाइट डायरेक्टरच्या, म्हणजे नाक कुठे न्यायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या पट्ट्यांमागे जाणं, याला मी सराव मानत नाही. विचार यंत्रच करतं, तुम्ही नुसता हात पुरवता. हवा शांत असेल, रहदारी कमी असेल, कंपनीची मुभा असेल, तर शेजारच्या पायलटला आधी सांगून पट्ट्या आणि इंजिनांची पॉवर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्टही बंद करा. उतरताना, पंखांचे फ्लॅप घेताना, वळताना किती कोनाला किती पॉवर लागते ते तोंडपाठ हवं. थकलेले असाल किंवा हवामान खराब असेल, तर खुशाल ऑटोपायलट लावा.

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, जानेवारी 2013 मध्येच एअरलाइन्सना असा सराव वाढवायला सुचवलं होतं. तरी मुभा कंपनीगणिक बदलते. नोकरीच्या मुलाखतीत हे जरूर विचारा.