शिंगरू चावतं, कुणाला जवळ येऊ देत नाही

"मॅडम, जातीचंच वाईट निघालं वाटतं. आसूढाळ आहे त्याला."

फलटणकडच्या एका वस्तीवरून हा फोन आला तेव्हा माघ लागला होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेलं सात महिन्यांचं मारवाडी शिंगरू. नातवानं नाव ठेवलं तुफान. (असली नावं ठेवायची आणि जनावरानं गायीसारखं राहावं म्हणायचं!) महिन्याभरात तुफाननं गड्याच्या दंडाला चावा घेतला, मालकांवर दुगाण्या झाडल्या. शेळी जवळून गेली तरी कान मागे पाडून अंगावर धावायचं.

डोळ्याखालचा केसांचा भोवरा म्हणजे आसूढाळ, तो मालकाला रडवतो, अशी घोडेवाल्यांत पक्की समजूत. दलालाला भाव पाडायला ती कामी येते. त्यापलीकडे तिचा उपयोग मला आजवर दिसलेला नाही.

तापट शिंगराची तक्रार आली की मी आधी दोन गोष्टी विचारते. पोटात काय जातं आणि सोबत कोण असतं?

"खायला काही कमी नाही," मालक हौसेनं म्हणाले. "रोज तीन किलो हरभरा, वर हातानं गूळ." कडबा मात्र संध्याकाळी एकदा. आणि सोबत? "एकटंच बांधतो, मारतं ना." खोदून विचारल्यावर कळलं, पहिल्या दिवसापासूनच एकटं होतं.

घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरणारा प्राणी. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, खाणं असो वा नसो. वैरण कमी आणि दाणा फार झाला की पोट जळतं. पोट जळणारं जनावर खरारा, म्हणजे अंग घासून साफ, करू देईल कसं? तिथं जाऊन पाहिलं तर पोट नगाऱ्यासारखं, केस राठ. लीद तपासायला दिली, जंतांची अंडी निघाली. कडेचे दुधाचे दातही त्याच सुमाराला फुटत होते. औषध दिलं, हरभरा किलोवर आणला, कडबा आणि लसूणघास दिवसभर पुढ्यात ठेवायला सांगितलं. हातानं गूळ बंद. गूळ देणारा हात आणि रिकामा हात यातला फरक शिंगराला कळत नाही, ते दोन्ही चावून बघतं.

पण मूळ दुखणं वेगळं होतं. बाजारात त्याची आई एका गिऱ्हाइकानं नेली, ते दुसऱ्यानं. दूध तुटलं, आई गेली, रात्रभर टेम्पोत उभं, सकाळी अनोळखी खुंटा. किती जोरानं चावलं तर समोरच्याला लागतं, हे शिंगरू आईकडून आणि जोडीच्या शिंगरांकडून शिकतं. याला शिकवायला कुणी उरलंच नव्हतं. माणसं होती, ती काठी घेऊन.

मी आवारात पालथ्या बादलीवर पाठमोरी बसले. अर्धा तास काही नाही. मग मानेवर गरम श्वास, मग ओढणीला दात. मी न ओरडता कोपर बाहेर काढलं, नाक त्यावर आपटलं. ते पळालं आणि परत आलं. चौथ्या खेपेला नुसतं हुंगलं. तेव्हा उठून खांद्याच्या बाजूनं, आयाळ संपते तिथं खाजवलं. ओठ लांबले, मान खाली गेली. तेवढ्यावर थांबवून मी निघून आले. मालकांना वाटलं, मॅडमनी फी घेऊन बसायचं काम केलं.

त्यांच्या मेहुण्यांकडे टांग्यातून निवृत्त झालेली घोडी होती, ती महिन्यासाठी आणायला लावली. आधी दोन दिवस मध्ये कुंपण. तिसऱ्या दिवशी तुफान आत शिरला आणि सवयीनं तिच्या मांडीला चावायला गेला. म्हातारीनं मागचा पाय नुसता उचलला. तुफाननं मान पुढे ताणली आणि जबडा चपचप वाजवायला लागला. 'मी लहान आहे, मारू नको' असं शिंगरू मोठ्या घोड्याला सांगतं ते असं. ते पाहून मी निर्धास्त झाले.

चैत्रात फोन आला. चावणं थांबलंय, खरारा करू देतं, मागचे खूर मात्र अजून उचलू देत नाही. "पण मॅडम, मेहुणे घोडी न्यायला आलेत. टेम्पो दारात उभाय."

म्हटलं, टेम्पो रिकामा परत पाठवा. घोडी आधी आठवडाभर कुंपणापलीकडे बांधा, आणि तोवर एखादी शांत शेळी बघून ठेवा.