शाई पसरली, पान फुगलं!

प्रश्न: ताई, मी रोजची चित्र-डायरी सुरू केलीये. परवा वाईला गणपती घाटावर बसून ढोल्या गणपतीचं देऊळ पेनाने काढलं, वर वॉटरकलर लावला तर सगळी शाई पसरली आणि पान पापडासारखं फुगलं. काय चुकलं?

उत्तर: अगं, बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्यात विरघळते. वॉटरप्रूफ पिगमेंट इंकचं पेन घे आणि रेघा काढल्यावर जरा थांब, पावसाळ्यात तर जास्तच. साध्या वहीचा कागद पातळ, तो पाणी पिऊन फुगणारच. वॉटरकलरला ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद मस्त, पण खिशाला चाट, म्हणून मी २०० वाली वही वापरते आणि ब्रशवर पाणी कमी घेते, चालून जातं.

आणि दरवेळी देऊळच कशाला? एसटीत समोरच्या काकांची टोपी काढ, सुट्ट्या पैशांवरून झालेलं भांडण शेजारी लिही. माझ्या एका पानावर चहाच्या ग्लासचा गोल डाग पडला तर त्याचीच मी भज्यांची प्लेट केली! तिकीटही चिकटव, फक्त मशीनच्या तिकिटावरची अक्षरं हळूहळू उडतात, तेव्हा तारीख आणि भाडं पेनाने लिहून ठेव.