तुमचे प्रश्न : स्वप्नातल्या नोकरीचा मंगळवार

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, घणसोलीला राहते. बीएस्सी झुलॉजी केलंय आणि गेली दोन वर्षं ऐरोलीत बॅक ऑफिसला आहे. इन्शुरन्सचे क्लेम तपासायचे, फॉर्मवरची तारीख आणि हॉस्पिटलच्या बिलावरची तारीख जुळते का बघायचं, नाही जुळली की परत पाठवायचं, असे दिवसाला ८०-९० फॉर्म. मला पक्ष्यांवर काम करायचंय, खरंखुरं, रिसर्च. वाशीच्या पुलावरून लोकल जाताना खाली चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी रांग दिसली की मी दारातून हलतच नाही, लोक ढकलून पुढे जातात. बाबा एपीएमसीत माथाडी आहेत, ते म्हणतात परमनंट नोकरी सोडून चिखलात कशाला जातेस. मैत्रीण म्हणते राजीनामा टाक, आयुष्य एकदाच मिळतं. पगार १९ हजार, त्यातले ८ घरी देते. मी काय करू?
— घणसोलीची एक वाचक

उत्तर : मैत्रिणीला आधी विचार, तिचा हप्ता कोण भरतंय. राजीनामा टाकू नकोस, निदान आत्ता तरी नको.

माझीच एक गोष्ट सांगते, लाज वाटते पण सांगते. १९९८ साली मी ठाण्यात एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायचे आणि डोक्यात एकच, की नाटकांची प्रकाशयोजना करायची. गडकरी रंगायतनला मी इतकी नाटकं बघितली होती की पडदा वर जायच्या आधी कुठला दिवा कुठे पडणार ते मला कळायचं, म्हणजे मला तसं वाटायचं. शेवटी ओळखीतून एका ग्रुपबरोबर आठवडाभर फुकट काम करायला मिळालं. पहिल्याच मंगळवारी दुपारी दोनला पोचले तर केबलची भेंडोळी उचला, शिडी धरा, फ्यूज उडाला म्हणून तासभर बसून राहा, मग चहा, मग परत शिडी. रात्री प्रयोग सुरू झाला तेव्हा मी विंगेत एका स्विचजवळ उभी, नाटक दिसतच नाही, फक्त आवाज येतो. चौथ्या दिवशी मला समजलं की मला आवडत होती ती प्रेक्षागृहातली खुर्ची. शिडी मला अजिबात आवडत नव्हती. आणि माझ्याबरोबरचा एक पोरगा होता, त्याला ती शिडीच आवडायची, फ्यूज उडाला की त्याचा चेहरा खुलायचा! तो आज तेच काम करतो. मी तिकिटांकडे परत गेले, मग हळूहळू लिहायला लागले, ते वेगळं रामायण.

तर तुझ्यापुरता प्रश्न असा आहे की पक्षी अभ्यासकाचा साधा, कंटाळवाणा मंगळवार तुला आवडेल का. आणि ते नोकरी न सोडता बघता येतं, तू तर खाडीच्या काठावरच राहतेस.

पुलावरून दिसतात ते ओहोटीचे फ्लेमिंगो. चिखल उघडा पडला की ते खायला उतरतात, वाकडी चोच उलटी करून पाणी गाळत बसतात, आणि भरती आली की चिखल बुडतो मग त्यातले बरेच उठून आतल्या पाणथळ जागांवर येतात, नेरूळच्या डीपीएस तळ्यावर, सीवूड्सच्या मागे टी एस चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेजवळ. म्हणून पहिलं काम, भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शीक, ते रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं. आपल्या कोळी लोकांना तिथी सांगितली की ते तोंडी वेळ सांगतात, त्यांच्याकडून शिकलीस तर उत्तमच. आणि मग एकच जागा पकड. एकच! दर रविवारी भरतीच्या वेळेला तिथे तासभर उभी राहा, दिसेल तो प्रत्येक पक्षी लिही, कावळासुद्धा, कबुतरसुद्धा. सगळा हिशोब ईबर्डवर टाक, ते पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप फुकट आहे, ओळख पटवायला मर्लिन आहे तेही फुकट. सुरुवातीला एक जुनी दुर्बीण मागून आण, नवीन कॅमेऱ्याच्या नादी लागू नकोस, कॅमेऱ्याने लोक फोटोग्राफर होतात आणि मोजायचं राहून जातं (हे माझं मत, फोटोग्राफर मंडळींनी रागवू नये).

मोजायचं कसं? आधी दहाचा गठ्ठा डोळ्याने मोजायचा, तेवढ्या गठ्ठ्याने शंभर किती होतात ते ठरवायचं, मग तो शंभरचा चौकोन थव्यावर सरकवत न्यायचा. तेवढ्यात घार येते, सगळा थवा उडतो, आणि तू परत एकपासून. जून-जुलैमध्ये फ्लेमिंगो बहुतेक गेलेले असतात, पाऊस पडत असतो, तळ्यावर चार बगळे आणि एक पाणकावळा, तरी तू उभी राहून वहीत ‘बगळे ४’ लिहिणार आहेस का? लिहिलंस आणि वाईट वाटलं नाही, तर तुझं काम जमलं समज. एकाच जागेच्या वर्षभराच्या पन्नास याद्या घेऊन कुठल्याही प्रोजेक्टच्या मुलाखतीला गेलीस तर ‘लहानपणापासून आवड आहे’ असं म्हणणाऱ्या दहा जणांच्या पुढे असशील.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, आणि ती मोजणी सगळी हौशी लोकांच्याच जिवावर चालते. बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची माणसं त्यात असतात, त्यांचं ऑफिस फोर्टला हॉर्नबिल हाऊसमध्ये, संस्था १८८३ ची. तिथे सभासद हो, वॉकला जा, मोजणीच्या वेळी पाण्याच्या बाटल्या उचलायची वेळ आली तर उचल. या क्षेत्रात जागा निघाली की आधी ओळखीतल्या ग्रुपवर फिरते, जाहिरात नंतर. तुझ्या ऑफिसपासून थोड्याच अंतरावर ऐरोलीतच कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, एक रविवार तिकडे घाल, बोटीत बस (बोटीची वेळही भरतीवरच ठरते, आधी विचारून जा) आणि तिथल्या माणसांना एकच विचार, तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर कोणाला घेता आणि त्यांना काय येत असावं लागतं.

ते काय सांगतील ते मी आत्ताच सांगते, एक्सेल! हसू नकोस. फील्डवरून परत आल्यावर अर्ध्याहून जास्त काम खुर्चीतच असतं. वहीतली तारीख आणि जीपीएसची तारीख जुळत नाही, कोणी ‘२०’ च्या जागी ‘२००’ लिहिलंय, एकच नोंद दोनदा आलीय. दिवसाला ९० फॉर्ममध्ये तू हेच पकडतेस ना? तुझ्या बायोडेटात ‘क्लेम प्रोसेसिंग’ एवढंच लिहिलं असशील तर ते बदल, नोंदी तपासणं, चुका पकडणं, दुहेरी नोंदी काढणं असं सविस्तर लिही. आणि रोज रात्री अर्धा तास काढून आकडेवारीसाठी ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर शीक, नकाशांसाठी क्यूजीआयएस शीक, दोन्ही फुकट. ज्या नोकरीला तू शिव्या देतेस तीच तुला पगार देऊन ट्रेनिंग देतेय, दोन वर्षं.

शिक्षणाचं म्हणशील तर फक्त बीएस्सीवर फील्ड असिस्टंटपर्यंत जाता येतं, रिसर्च करायचा तर एमएस्सी लागेल. मुंबई विद्यापीठाचं झुलॉजी आहेच, पण वन्यजीवांसाठी खास म्हणजे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस. दोन्हीकडे जागा अगदी थोड्या, प्रवेश परीक्षा, वर मुलाखत. दर वर्षी बॅच निघतेच असं धरून चालू नकोस, वेबसाइट बघत राहा. तिथे मुलाखतीत तुझी डीपीएस तळ्याची वही कामी येईल.

आता पैसे आणि बाबा. प्रोजेक्टच्या नोकऱ्या सहा महिने, वर्षभर, मग वाढवतील तर वाढवतील. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण तिची परीक्षा पास होऊन. साध्या प्रोजेक्ट असिस्टंटला त्यापेक्षा बरेच कमी, कधी तुझ्या आत्ताच्या पगाराच्या आसपास. म्हणून घरी द्यायच्या ८ हजारांचे सहा महिन्यांचे, म्हणजे ४८ हजार, वेगळे ठेवल्याशिवाय राजीनाम्याचं नाव काढायचं नाही.

आणि बाबांना ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणू नकोस गं. परमनंट या शब्दाचा अर्थ त्यांच्या इतका तुला-मला कळणार नाही. १९६९ चा माथाडी कायदा येईपर्यंत पाठीवर गोणी वाहणाऱ्याला पीएफ नाही, सुट्टी नाही, आज बोलावलं तर काम, नाही तर घरी. अण्णासाहेब पाटलांनी आणि त्या पिढीने भांडून ते मिळवलं, आणि तू ज्या कॉन्ट्रॅक्टकडे धावतेयस ते बाबांना तसंच दिसत असणार, आज बोलावलं तर काम. त्यांना वही दाखव. शक्य झालं तर एका रविवारी सीवूड्सला सोबत ने, गोणी मोजायची सवय असलेला माणूस आहे, गठ्ठ्याने मोजायला तुझ्याआधी शिकेल. वर्षभराने पुन्हा लिही, तळ्यावर जुलैमध्ये किती बगळे होते ते आधी सांग.

प्रश्न : मॅडम, सगळे विचारतात तुझी ड्रीम जॉब कुठली, मला काही सुचतच नाही. बीकॉम झालोय, २२ वय, कळव्याला राहतो, भिवंडीत एका गोदामात डिस्पॅचला बिलिंग करतो. बिलिंगमध्ये काही दम नाही पण गाडी भरताना मजा येते, म्हणजे जो माल सगळ्यात शेवटी उतरवायचा तो आधी आत ढकलायचा, कल्याणचा दाराशी, नाशिकचा आत, जड खाली, आणि काचेचं असेल तर मधे गाद्या किंवा कपड्याचे गठ्ठे, परवा मी सांगितलं तशी गाडी भरली तर ड्रायव्हर दोन तास आधी मोकळा झाला. असो. माझ्यात काही कमी आहे का?
— कळव्याचा एक वाचक

उत्तर : अरे, तू बिलिंगवर अर्धी ओळ लिहिलीस आणि गाडी भरण्यावर चार ओळी, आणि वर ‘असो’!

कमी काही नाही. त्या ‘असो’च्या आधी जे लिहिलंस त्याला बाहेर रूट प्लॅनिंग आणि लोड प्लॅनिंग म्हणतात, त्याचा पगार मिळतो, आणि भिवंडीत तर गोदामांचीच वस्ती आहे. स्वप्न-बिप्न राहू दे. उद्या सुपरवायझरकडे जा आणि फक्त एवढंच माग, आठवड्यातून दोन गाड्यांचा प्लॅन मी करतो, बिलिंग संपवून करतो. प्रत्येक गाडीचं वहीत लिही, किती वाजता भरली, किती वाजता शेवटचा माल उतरला, काय फुटलं. फुटलेलं लपवू नकोस, तेच आधी लिही. तीन महिन्यांनी वही घेऊन परत सुपरवायझरकडे, आणि तेव्हा पगाराचं बोल. ऐकलं नाही तर शेजारच्या गोदामात बोल.

आणि नोकरी ‘ती’ असली तरी जॉब ‘तो’ रे, ‘तुझी ड्रीम जॉब’ मराठीत कानाला टोचते, पण आता सगळेच म्हणतात, मी किती जणांना सांगू.