हात तयार आहेत, आता पाय आणि कंबर

हॉकीतला तुझा ड्रिबल, म्हणजे स्टिकने चेंडू खेळवत पुढे नेणं, पाहिला. हात छान चालतात, पण पुढच्या पातळीवर निवड करणारे आधी तुझा पहिला ट्रॅप, म्हणजे आलेला चेंडू स्टिकने थांबवणं, बघतील. ठाण्यात मातीवर चेंडू उसळतो, मंदावतो, सावरायला वेळ मिळतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, तो सुसाट अंगावर येतो. डाव्या बाजूने आलेला चेंडू रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, पकडताना तू अजून अडखळतोस. ते रोज घोट, ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलकडे फेकायचा फटका, नंतर.

सामना 60 मिनिटांचा, 15-15 मिनिटांचे चार क्वार्टर. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून आत असेपर्यंत जीव तोडून पळावंच लागतं. येऊरच्या चढावर एका लयीत धावतोस ते चांगलंच, पण पुरेसं नाही. यो-यो चाचणीसारखं कर: 20 मीटर जा, वळून परत ये, 10 सेकंद दम घे, पुन्हा निघ, वेग वाढवत.

आणि कंबर! हा खेळ वाकून खेळायचा. मांडीचे मागचे स्नायू आणि पाठ कच्ची राहिली तर दुखापत ठरलेली. स्क्वॉट आधी वजनाशिवाय नीट जमू दे.

आठवड्यातून एकदा तरी चर्चगेटच्या टर्फवर सरावाची वेळ मिळते का, हे तुझ्या सरांना विचार.